उधारीचा न्यायमूर्ती

सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती, आणि सावकारांच्या तगाद्याला चुकवत गावोगाव तोंड लपवत फिरतोय. अमेरिकेत १७९७ साली हे खरंच घडलं.

जेम्स विल्सन मूळचा स्कॉटलंडचा. फिलाडेल्फियाला आला, वकिली शिकला, गाजला. स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना या दोन्हींवर सही असलेली सहाच माणसं, त्यांतला हा एक. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा, असं म्हणणारा. (राज्याची लोकसंख्या मोजताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरायची तडजोडही यानेच मांडली, तेही विसरू नका.) १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतः पत्र लिहून सरन्यायाधीशपद मागितलं. ते गेलं जॉन जे यांच्याकडे, याला साधं न्यायमूर्तीपद.

मला त्याचा १७९३ चा निकाल राहून राहून आठवतो. चिझम विरुद्ध जॉर्जिया. दक्षिण कॅरोलिनातल्या एका व्यापाऱ्याने स्वातंत्र्ययुद्धात जॉर्जिया राज्याला माल दिला होता, पैसे बुडाले. तो वारल्यावर त्याच्या इस्टेटीतर्फे दावा लागला. जॉर्जियाचं म्हणणं, आम्ही सार्वभौम, आम्हाला कोर्टात खेचायचं नाही. विल्सनने सुनावलं की सार्वभौम जनता आहे, आणि साधा माणूस जसा आपल्या शब्दाला बांधलेला, तसंच राज्यही. राज्यं एवढी खवळली की ११वी घटनादुरुस्ती करून तो निकालच पुसून टाकला.

आणि इकडे हेच साहेब कर्ज काढून जमिनी घेत सुटले होते. लाखो एकर! पगार वर्षाला ३,५०० डॉलर. १७९६-९७ मध्ये जमिनींचा बाजार बसला. न्यू जर्सीत बर्लिंग्टनला कर्जापायी तुरुंगात गेला, सुटल्यावर उत्तर कॅरोलिनातल्या ईडेंटनला पळाला. तिथे पीअर्स बटलरने १,९७,००० डॉलरसाठी पुन्हा आत टाकलं. बटलरचीही सही त्याच राज्यघटनेवर. विल्सनचा ५६ वर्षांचा पगार होतो हो तो आकडा!

‘तेव्हा सगळेच जमिनीच्या नादी लागले होते, रॉबर्ट मॉरिससारखा धनाढ्यही तुरुंगात गेला’, असं म्हणतात. पण मॉरिस काही दुसऱ्यांचे दावे निकाली काढत नव्हता. विल्सनने राजीनामा दिला नाही, त्याच्यावर महाभियोगही कोणी आणला नाही. मला कर्जापेक्षा हे जास्त खटकतं. दुसऱ्याच्या उधारीबद्दल इतकं स्वच्छ बोलणाऱ्याला आपली खुर्ची सोडवली नाही.

२१ ऑगस्ट १७९८ ला ईडेंटनमध्येच तो गेला. आधी मलेरिया, मग पक्षाघात. वय ५५, आणि अजून न्यायमूर्तीच. सोबत तीसेक वर्षांनी लहान असलेली बायको, हॅना. तिथेच एका मळ्यात पुरलं. फिलाडेल्फियाने त्याला परत नेलं ते थेट १९०६ मध्ये.