दहा वर्षांच्या अनुभवाला सराव कशाला? एका फिरत्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. कुणी तो हिंजवडीच्या कंपनी बसमधून पुढे ढकलतो, कुणी नोटीस पीरियडमध्ये बसल्या बसल्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या प्रोग्रॅमिंग भाषा आतून एकच, ज्याला एक गाडी येते त्याला कुठलीही चालवता येते. दहा वर्षं जावा लिहिलेल्या माणसाला गो, पायथन किंवा रस्ट शिकायला एक वीकएंड पुरे. सरावाची उदाहरणं फ्रेशर्ससाठी असतात, सीनियरने थेट प्रोजेक्टवर शिकावं. शैलीबिली, म्हणजे त्या भाषेत कोड लिहायची रीत, लिंटर (कोड तपासून चुका दाखवणारं साधन) बघून घेतो. आणि आता एआय लिहून देतं, तेव्हा विषयच संपला. शेवटी हात जोडलेले इमोजी.

मेसेज लिहिणारा अनुभवी असणार, कारण त्यात थोडं खरंही आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊनच बोलतो.

"सगळ्या भाषा आतून एकच"

गाडीचंच घ्या. जावावरून सीशार्पवर जाणं म्हणजे स्विफ्ट विकून नेक्सॉन घेणं. चार दिवसांत हात बसतो. जावावरून रस्टवर जाणं म्हणजे स्विफ्टमधून उतरून खडकवासल्यात होडी वल्हवणं. जायचं तिथेच असतं, पण पाय ब्रेक शोधत राहतो.

खडकवासल्याचं नाव निघालंच आहे, तर उदाहरणही तिथलंच घेऊ. पावसाळ्यात पुणेकर सकाळी उठून चार धरणांचे आकडे बघतो. उपयुक्त साठ्याची क्षमता खडकवासल्याची १.९७ टीएमसी, पानशेतची १०.६५, वरसगावची १२.८२, टेमघरची ३.७१, सगळी मिळून २९.१५. आता एक साधी मजकूर फाइल समजा. प्रत्येक ओळीत तारीख, धरणाचं नाव आणि त्या दिवशीचा साठा. काही ओळी मोडक्या, काही ठिकाणी आकड्याऐवजी 'उपलब्ध नाही'. दिलेल्या तारखेला प्रत्येक धरणात किती पाणी होतं आणि चारही मिळून किती टक्के भरली होती, एवढंच प्रोग्रॅमने सांगायचं. दहा वर्षांच्या माणसाला यात डोकं खाजवण्यासारखं काही नाही. म्हणूनच हे उदाहरण त्याच्या कामाचं आहे.

समजा त्या दिवशी पानशेतची ओळच आली नाही. मॅप म्हणजे नावाला किंमत जोडणारी यादी, त्यातलं नाव म्हणजे 'की'. जावात मॅपमध्ये नसलेली 'की' मागितली तर नल, म्हणजे 'काहीच नाही', मिळतो, आणि तो आकडा समजून बेरजेत घातला की प्रोग्रॅम आपटतो. गोमध्ये तीच 'की' मागितली तर शून्य मिळतं, गुपचूप. बेरीज होते, टक्केवारी छापली जाते, एकूण क्षमतेत एक तृतीयांशाहून मोठा वाटा असलेलं धरण हिशेबातून गळतं आणि लॉगमध्ये एक अक्षर उमटत नाही. बरं, शून्य दिसलं की नोंद नाही असं धरावं, तर उन्हाळ्यात टेमघर खरोखरच शून्यावर येऊ शकतं. म्हणून गो लिहिणारा माणूस मॅपमधून किंमत काढताना तिच्या जोडीला दुसरं उत्तरही घेतो: ती 'की' होती का नव्हती? याला ते लोक 'कॉमा ओके' म्हणतात. पायथनमध्ये चौकटी कंसाने मागितलंत तर कीएरर येतो, पण 'गेट' वापरून डिफॉल्ट शून्य दिलंत तर गोचा खड्डा तुम्ही स्वतःच्या हाताने खणलात. रस्टचा 'गेट' 'ऑप्शन' नावाची डबी देतो. आत काही आहे की नाही, याचा निकाल लावल्याशिवाय आकडा हातात पडत नाही.

मोडक्या ओळींचंही तसंच. पायथनवाला आकडा आहे का हे आधी तपासत बसत नाही, सरळ फ्लोट, म्हणजे दशांश आकडा, करून बघतो आणि व्हॅल्यूएरर आला तर पकडतो. गोमध्ये याच्या उलट: चूक ही फंक्शनने परत केलेली एक साधी किंमत असते. तिथे पॅनिक आणि रिकव्हर वापरून चूक पकडायचा ट्राय-कॅच उभा करणारा माणूस जावाची चप्पल घालून घरात शिरलाय हे लांबून कळतं. रस्टमध्ये तर ओळी वाचून कलेक्ट करताना ठरवावंच लागतं, पहिल्या चुकीला थांबून ती वर पाठवायची की वाईट ओळी गाळून पुढे जायचं. दोन्ही करता येतं, पण काय केलंय ते कोडमध्ये उघड दिसतं.

लूप आणि इफ सगळीकडे सारखे असतात, हे मान्य. वीकएंडला तेवढं येतंही. पण पानशेतची नोंद हरवल्यावर काय व्हावं, याचं उत्तर प्रत्येक भाषेने आपापल्या जागी ठेवलेलं असतं आणि ते शोधायची सवय वीकएंडला लागत नाही. "चालतंय ना, मग हात लावू नको" म्हणणाऱ्यांनाही माझं हेच उत्तर आहे. वरचा गोचा प्रोग्रॅम चालतच होता.

"थेट प्रोजेक्टवर शिका"

मेसेजमधला हा सगळ्यात पटणारा मुद्दा. आपल्याकडे शिकणं असंच होतं: क्लायंटने सांगितलं नवी सर्व्हिस गोमध्ये हवी, सोमवारी रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) उघडला, शुक्रवारी पहिला पीआर (तपासायला पाठवलेला बदल). बिल्ड, डिपेंडन्सी, डिप्लॉयमेंट, लॉगिंग या गोष्टी प्रोजेक्टवरच शिकाव्या लागतात. त्या कुठल्याही सरावात येत नाहीत, यावर वाद नाही.

पण शैली प्रोजेक्टवर कोण शिकवणार? टीममधले सगळे जावातून आलेले, रिव्ह्यू करणारा लीडही जावातूनच आलेला. मग गोच्या रेपोत प्रत्येक स्ट्रक्टला (डेटाच्या साच्याला) एक इंटरफेस (काय काय करता यायला हवं याची यादी) निघतो, त्याच्या शेजारी नावाला 'इम्प्ल' (इम्प्लिमेंटेशन) अशी शेपटी असलेला टाइप, वर एक फॅक्टरी, आणि सगळे एकमेकांना अप्रूव्ह करतात. गोची रीत उलटी आहे. इंटरफेस लहान ठेवायचा, आणि तो ज्याला वापरायचा त्याच्या बाजूला लिहायचा. 'आयओ रीडर' या गोच्या सगळ्यात कामाच्या इंटरफेसमध्ये एकच मेथड आहे. धरणांची फाइल वाचणाऱ्या फंक्शनने फाइलचं नाव न घेता रीडर घेतला, तर तेच फंक्शन फाइलवर चालतं, नेटवर्कवरून आलेल्या मजकुरावर चालतं आणि टेस्टमध्ये साध्या स्ट्रिंगवरही चालतं. मॉकिंगची, म्हणजे टेस्टसाठी खोट्या वस्तू बनवायची, लायब्ररी लागतच नाही. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की इम्प्लची शेपटी आपोआप गळते. प्रोजेक्टवर मात्र हे करून बघायला कुणी सांगत नाही, कारण जुनं कोड चालू असतं आणि त्याच्या शेजारी त्याच्यासारखंच कोड लिहिणं हा तिथला शिष्टाचार असतो.

दुसरं, प्रोजेक्ट तुम्हाला काय शिकवायचं ते निवडत नाही. सहा महिने कॉन्फिग बदलण्यात आणि एपीआयला फील्ड वाढवण्यात गेले, तर पायथनचा जनरेटर (एकेक किंमत मागेल तशी देणारं फंक्शन) तुमच्या वाट्याला येईलच असं नाही. आणि जे वाट्याला येतं ते चुकीच्या वेळी येतं. गोचा 'बफआयओ स्कॅनर' फाइल ओळीओळीने वाचतो, पण डिफॉल्टने ६४ केबीहून लांब ओळ त्याला चालत नाही. अशी ओळ आली की लूप संपतो, जणू फाइलच संपली. चूक झाली हे कळतं ते फक्त शेवटी स्कॅनरला 'एरर आहे का' असं विचारलं तर. प्रोजेक्टवर हे शिकायचं म्हणजे रात्री दोन वाजता, अर्धा डेटा कुठे गेला असं कुणीतरी फोनवर विचारत असताना. सरावात धरणांच्या फाइलला एक राक्षसी ओळ जोडली की तेच पाच मिनिटांत समजतं, तेही चहा पीत.

"सरावाची उदाहरणं फ्रेशर्ससाठी असतात"

इथे मी मेसेजवाल्याच्या अर्ध्या बाजूने आहे. अप्पा बळवंत चौकातल्या गाइडांतले पॅलिंड्रोम आणि फिबोनाची दहा वर्षांच्या माणसाने पुन्हा सोडवू नयेत. इंटरव्ह्यूच्या तयारीची कोडीही नकोत. त्यांत कस लागतो अल्गोरिदमचा, आणि घाईत माणूस जुन्या भाषेतलं उत्तर नव्या भाषेत उतरवून मोकळा होतो. टेस्ट हिरवी झाली म्हणजे शैली आली, असं होत नाही. काही जुनी उदाहरणं तर नव्या भाषेत दिशाभूल करतात. रस्ट शिकायला बसून पहिल्याच दिवशी दुहेरी लिंक्ड लिस्ट लिहायला घेणारे बरेच असतात. कुठला डेटा कुणाच्या ताब्यात, या मालकीच्या नियमांमुळे ती रस्टमध्ये मुद्दाम अवघड आहे, मग भाषेलाच शिव्या बसतात.

पण यावरून सरावच नको हे कसं निघतं? 'कोड काटा' (छोटा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा लिहायचा सराव) ही कल्पना रूढ केली डेव्ह थॉमस यांनी, सॉफ्टवेअर कसं बनवावं यावरच्या २००१च्या अजाइल जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या १७ जणांपैकी एक. ते फ्रेशर खासच नव्हेत. त्यांच्या एका काटात बायनरी सर्च लिहायचा असतो, पण पाच वेळा, दर वेळी वेगळ्या पद्धतीने. बायनरी सर्च तुम्हाला येतोच, हे तिथे गृहीत आहे. सराव बाकीच्या चार पद्धतींचा.

अनुभवी माणसाचा सराव असाच हवा: गणित ओळखीचं आणि अट अनोळखी. धरणांचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहा, पण इंडेक्स वापरायचा नाही आणि एकही क्लास करायचा नाही. गोमध्ये लिहा, फक्त स्टँडर्ड लायब्ररीवर. रस्टमध्ये लिहा, क्लोन (डेटाची प्रत काढणं) आणि अनरॅप (डबीत आकडा असणारच असं धरून तो काढणं) दोन्ही बंद. (ही अट सरावापुरती. ऑफिसात एखादा क्लोन केलात म्हणून कुणी वाळीत टाकत नाही. पण मालकीचे नियम तपासणाऱ्या बॉरो चेकरला गप्प करायला जिथेतिथे क्लोन फवारणाऱ्याला तो नक्की कशासाठी ओरडत होता हे कधीच कळत नाही.) मग आठवड्याने पहिलं कोड न बघता पुन्हा लिहा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

आयतं हवं असेल तर तेही आहे. कॅटरीना ओवेन यांनी २०१३मध्ये सुरू केलेल्या एक्सरसिझम या साइटवर ७०हून अधिक भाषांची उदाहरणं फुकट मिळतात. तिथली गणितं सोपी असतात, म्हणून सीनियर मंडळी नाक मुरडतात. खरा माल गणितात नाहीच. आपलं उत्तर दिल्यावर इतरांनी तेच कसं सोडवलं ते वाचता येतं, कोड मेंटरला दाखवता येतं. अर्धा तास लिहायला दिला तर तासभर वाचायला द्यावा. रस्टसाठी रस्टलिंग्ज आहे, मोडके छोटे प्रोग्रॅम दुरुस्त करायचे. सुरुवातीला बरं, पुढे अपुरं पडतं. एरिक वॉस्टल यांचं २०१५पासून दर डिसेंबरात येणारं कोड्यांचं सदर अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड मजेचं आहे, पण त्यात कोडंच इतकं ओढून नेतं की भाषा मागे राहते. त्यातलं जुनं एखादं वर्ष, जे तुम्ही आधी ओळखीच्या भाषेत सोडवलं असेल, तेच नव्या भाषेत घ्या.

आणि दहा वर्षांच्या जावाबद्दल एक खाजगीतला प्रश्न. शब्द मोजायचे असले की आधी 'कंटेन्स की' विचारून मग 'पुट' करणारं कोड अजूनही पीआरमध्ये येतं ना? मॅपला 'मर्ज' मिळालं जावा ८मध्ये, मार्च २०१४ला. अनुभव मोजताना हेही धरावं.

"शैली लिंटर बघून घेतो"

काही प्रमाणात बघतो. कोडची मांडणी आपोआप लावणाऱ्या जीओएफएमटीने टॅब की स्पेस हे भांडण गोमध्ये कायमचं मिटवलं. रस्टच्या क्लिपी या लिंटरमध्ये शेकडो नियम आहेत आणि फंक्शनला स्ट्रिंगचा रेफरन्स न देता स्लाइस द्या, असं शिकवण्यासारखंही ती सांगते. सराव करताना ती चालू ठेवावीच. पण लिंटर ओळ बघतो, घडण बघत नाही. पायथनमध्ये लिहिलेला 'धरण सर्व्हिस मॅनेजर' नावाचा क्लास, गेटर-सेटरसकट, पेप ८ या पायथनच्या शैलीच्या नियमावलीतल्या प्रत्येक नियमात बसू शकतो. हे एक फंक्शन असायला हवं होतं, हे त्याला कोण सांगणार?

"एआय लिहून देतं"

देतं, आणि बरं देतं. पण ते आजूबाजूचं कोड बघून लिहितं. इम्प्लच्या शेपट्या असलेल्या रेपोत त्याला नवी सर्व्हिस मागितली तर तेही आज्ञाधारकपणे आणखी एक इम्प्ल जोडून देतं. शिवाय आता तुमचं काम लिहिण्यापेक्षा वाचून हो किंवा नाही म्हणण्याचं जास्त झालंय. कॉमा ओके राहिलाय हे दिसायला डोळ्याला तो नसल्याचं खटकावं लागतं, आणि हे खटकणं स्वतः लिहून, अडखळूनच येतं.

सरावात मात्र त्याचा उपयोग करून घ्या. आधी स्वतः लिहा, मग त्याला तेच या भाषेच्या रीतीने लिहायला सांगा आणि प्रत्येक बदलाचं कारण विचारा. कारण पटलं तरी भाषेच्या अधिकृत कागदपत्रांत पडताळून बघा, कारण ते चुकीचं कारणही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतं. इंटरफेस सुचवला तर विचारा, हा कोण वापरणार आहे? नाव सांगता आलं नाही तर काढून टाका.