प्रतिक्रियेला उत्तर: राणा आणि नान्नजकडचं रान

दादा, नमस्कार. राणा या कुत्र्याला नवं घर मिळाल्याच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "दहा एकर रान असलेल्या शेतकऱ्याला नाही म्हणालात आणि जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवाल्यांना कुत्रा दिलात. पळणारं जनावर कोंडलंत, वर नसबंदीची अट. हा शहरी माज." माजाचं नंतर बघू, आधी रानाचं बोलू.

राणा कारवानी, दीड वर्षाचा. ही जात नजरेवर शिकार धरते. लांबवर काही हललं की निघालाच, मग घसा फाटेस्तोवर हाका मारा. आणि हे रान कुठलं? बार्शी रोडला, नान्नजच्या अंगाला. तिथं माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं अभयारण्य आहे. माळावर काळवीट, लांडगे, शिवाय मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. राणानं एखादं पाडस धरलं तर? कोकरू धरलं तर मेंढपाळ काठी घालणारच, आणि मी त्याला बोल लावणार नाही. हे टाळायचं तर साखळी आली. त्या गृहस्थांनी स्वतःच सांगितलं, दिवसा बांधू, रात्री सोडू. माणूस सरळ, काही लपवलं नाही. पण दिवसभर खुंट्याला असलेल्या कुत्र्याला दहा एकर काय कामाचे? आणि रात्री अंधारात बिनकठड्याच्या विहिरी.

मोकळी जागा दिली की कुत्रं आपलं आपण पळून दमतं, हा समजच मला पटत नाही. ते फाटकाशी पडून राहतं, नाहीतर कुंपणाखालून पसार होतं. त्याच्या अंगातली रग जिरवायला सोबत पळणारं माणूस लागतं. त्या फ्लॅटमधली मुलगी पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पाचला मैदानावर असते. राणा लांब दोरीवर तिच्याबरोबर. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ४२-४३ वर जातो, डांबरावर पंजे भाजतात, म्हणून ऊन चढायच्या आत दोघं घरी. मग दुपारभर गडी कूलरपुढं आडवा. कारवानी घरात किती झोपतो हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही.

नसबंदीचं म्हणाल, तर फोन करणारे बरेच जण राणाचा स्वभाव विचारायच्या आधी "जोडीला चालेल ना?" विचारायचे. एकानं तर ससे धरतो का, तेही विचारलं. तेव्हा अट घातली. माज म्हणा हवं तर.

"पोरासारखं वाढवून देऊन टाकलं" हेही लिहिलंत. राणाचे आधीचे मालक सत्तरीतले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले. राणानं दोरी ओढली की पडायचे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सबळ कारणाशिवाय जनावर उपाशी-तहानेलं सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड अजूनही १० ते ५० रुपयेच. एवढ्यात सुटणं सोपं होतं; ते तसे सुटले नाहीत.

आता तुमच्या त्या शेतकऱ्यांना राखणीला कुत्रं हवंच असेल, तर गावठी पिल्लू घ्यायला सांगा. लहानपणापासून मेंढरांत वाढलं की ते त्यांना सरावतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग दरवर्षी. आमच्या गल्लीत सध्या पिल्लं आहेत, त्यातलं काळं भलतंच आगाऊ आहे. पाहिजे असेल तर कळवा, प्रश्न मात्र त्यांनाही तेवढेच विचारीन.