'घरावर लोन काढा, कार्डं फेडा': त्या मेसेजमधला हिशेब तपासू या

सध्या फिरणारा मेसेज थोडक्यात असा: 'क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोनचं भरमसाट व्याज कशाला भरता? घरावर टॉप-अप किंवा मॉर्गेज लोन घ्या, सगळी कर्जं एकत्र करा. हप्ता निम्म्याहून कमी, व्याजात लाखोंची बचत, वर टॅक्समध्ये सूट. घर तुमचंच राहतं. खर्च शून्य.' (टॉप-अप म्हणजे चालू गृहकर्जावरच घेतलेलं वाढीव कर्ज.) यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्या आडून बाकीची खपून जातात.

खरं ते आधी मान्य करू. कार्डाचं व्याज भयंकरच असतं. महिना साडेतीन टक्के दराने 2 लाखांच्या थकबाकीवर 7,000 रुपये व्याज लागतं, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 1,260. मिनिमम ड्यू म्हणून 10,000 भरले, तरी मुद्दल उतरतं जेमतेम 1,740 रुपयांनी. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये या व्याजावर वर्षाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केली.

'हप्ता निम्म्याहून कमी.' होतो की! पण कशामुळे, ते मेसेज सांगत नाही. 6 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी, 4 वर्षं बाकी: हप्ता सुमारे 16,396 रुपये, एकूण व्याज 1 लाख 87 हजार. तेच 6 लाख घरावर साडेनऊ टक्क्यांनी 15 वर्षांसाठी घेतले, की हप्ता 6,265. महिन्याला दहा हजार हातात राहतात, माणूस खूश. आता पूर्ण 15 वर्षांचं व्याज बघा: 5 लाख 28 हजार. दर साडेचार टक्क्यांनी उतरला आणि व्याज पावणेतीन पटींच्या पुढे गेलं.

दराचा खरा फायदा किती, तेही काढता येतं. साडेनऊ टक्के, पण मुदत तीच 4 वर्षं ठेवली तर हप्ता 15,074. म्हणजे स्वस्त दराने वाचवले महिन्याला 1,322 रुपये. वरची जवळपास 8,800 रुपयांची घट सगळी लांबवलेल्या मुदतीची आहे. तिला बचत कसलं म्हणायचं? तो पुढच्या वर्षांवर ढकललेला हप्ता आहे.

शिवाय घरावरचं कर्ज बहुतेक वेळा बदलत्या दराचं असतं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) 4 वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत गुपचूप वाढली. शेवटी ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं, की मुदत वाढवायची की हप्ता, हे कर्जदाराला विचारा.

'घर तुमचंच राहतं.' हप्ते वेळेवर गेले तर राहतं. गेले नाहीत तर काय होतं, यावर मेसेज गप्प आहे.

पर्सनल लोन थकलं तर वसुलीवाले फोन करून जीव नकोसा करतात, सिबिल बिघडतो, प्रकरण लवादाकडे किंवा कोर्टात जातं. तिथून हुकूमनामा मिळवून, त्याची अंमलबजावणी करत धनको घरापर्यंत पोहोचू शकतो, नाही असं नाही. पण ती वाट लांबची असते, आणि त्या वाटेवर तडजोडीला जागा असते. तारण दिलेल्या घराबाबत बँकेला 2002 च्या सरफेसी कायद्याचा रस्ता मोकळा आहे. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग 60 दिवसांची मागणी नोटीस, त्यानंतर बँक कोर्टात न जाता ताबा घेऊ शकते. मराठी पेपरात 'ताबा सूचना' म्हणून बारीक टायपातले जे चौकोन येतात, कर्जदाराचं नाव, फ्लॅट नंबर, सोसायटी, थकीत रक्कम, ते हेच. तीच सूचना दारावरही चिकटवतात. दाद मागायला कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, मुदत 45 दिवस. सहकारी बँक आपलीच, ती असं करणार नाही, असंही समजू नका. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचं स्पष्ट केलं.

(पतसंस्थेचं जामीनकी कर्ज मात्र 'विनातारण आहे, काय करतील' म्हणून सोडू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला की तुमच्याबरोबर जामीनदारही अडकतो.)

म्हणजे काल ज्या उधारीचा घराशी थेट संबंध नव्हता, तिच्यासाठी आज आपण आपल्या सहीने घर पुढे करतो. फ्लॅटवर बायकोचंही नाव असेल, तर तिच्याही सहीने.

'टॅक्समध्ये सूट.' घर घेणं, बांधणं, दुरुस्त करणं यासाठी वापरलेल्या पैशाच्या व्याजाला जुन्या कररचनेत वजावट मिळते. टॉप-अपच्या पैशाने कार्डं फेडली, तर 'होम लोन' असं नाव असूनही ती मिळत नाही.

'खर्च शून्य.' प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी, लीगल आणि व्हॅल्युएशनचे पैसे, तारणाचं मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारदरबारी नोंद). शिवाय जुनं पर्सनल लोन मुदतीआधी बंद केलं म्हणून त्याचा फोरक्लोजर चार्ज. 'शून्य' बहुधा एजंटच्या खिशातून जाणाऱ्या पैशांबद्दल असावं.

आणि कार्डांचं काय? थकबाकी शून्य झाली तरी लिमिट तसंच राहतं. दिवाळीत तेच कार्ड पुन्हा घासलं, की घरावरचा हप्ता आणि कार्डाचं बिल दोन्ही अंगावर.

तरीही कार्डावरच दोन-चार लाख फिरत असतील, नोकरी पक्की असेल आणि दुसरा मार्ग नसेल, तर टॉप-अप मी चुकीचा म्हणणार नाही. मात्र फेडलेली कार्डं लेखी अर्ज देऊन बंद करा आणि आज जेवढा हप्ता झेपतोय, त्याच्या जवळपासचाच पुढे ठेवा. घरावरचं कर्ज व्यक्तीच्या नावावर, धंद्यासाठी नसलेलं आणि बदलत्या दराचं असेल, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावू शकत नाही. त्यामुळे बोनस आला की त्यात भरता येतो. आणि एजंटने फॉर्मवर 180 महिने आधीच लिहून आणले असतील, तर सही करण्याआधी ते खोडायला लावा.