नव्या हवामान मंत्र्यांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन! हवामान खातं अखेर तुमच्या गळ्यात पडलं. घाबरू नका. धुराड्यातला धूर कमी करणं अवघड, वहीतला कमी करणं सोपं. तुम्ही वही धरा.

आधी आधार वर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून कपात मोजतात ते वर्ष, निवडायचं. लग्नाचा मुहूर्त काढावा तितक्या बारकाईने निवडा. देशाने ज्या वर्षी भरपूर धूर सोडला, ते वर्ष शुभ. रशियाला 1990 लाभलं. पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघ कोसळला, कारखाने थंडावले. 1997 च्या क्योटो करारात ‘1990 च्या पातळीवर राहू’ असं वचन दिलं, तेव्हा प्रत्यक्ष उत्सर्जन कितीतरी खाली आलेलं होतं. उरलेला वाटा विकायचीही सोय होती. जाणकार या मालाला ‘गरम हवा’ म्हणत! ऑस्ट्रेलिया त्याहून हुशार. कपातीच्या त्याच करारात तिने 8 टक्के वाढ हे उद्दिष्ट म्हणून पदरात पाडून घेतलं, शिवाय 1990 मधली अफाट जंगलतोडही आधार वर्षात धरायला लावली. पुढे कुऱ्हाड जरा आवरली, की कोळशाला रान मोकळं.

आता खर्ची काय टाकायचं नाही, ते पाहा. परदेशी जाणारी विमानं, जहाजं राष्ट्रीय बेरजेत धरत नाहीत. पोलाद बाहेरून आणलं, तर भट्टीचा धूर ज्याच्या अंगणात निघाला त्याच्या नावावर. वीजकेंद्रात लाकूड जाळलं, तर धुराड्यापाशी शून्य मांडायचं. झाडाचा हिशेब जिथे ते तोडलं तिथल्या वहीत. हे मी रचलेलं नाही, नियमच आहेत.

भाषेकडेही लक्ष असू द्या. 2021 मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत अगदी शेवटच्या क्षणी कोळसा टप्प्याटप्प्याने ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करायचं ठरलं. एका शब्दात केवढी वीज असते बघा.

कार्बन कर? नको. ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये लावला, 2014 मध्ये काढला; मधल्या काळात सरकारही गेलं. स्वीडनमध्ये तो 1991 पासून आहे आणि देश अजून जागेवर आहे, पण हे मंत्रिमंडळाच्या बैठकीत बोलू नका.

‘नेट झिरो’ची, म्हणजे जितका कार्बन सोडू तितकाच शोषून घेऊ याची, तारीख द्यावीच लागेल. न कर्त्याचा वार शनिवार, तसं 2050 किंवा त्यापुढचं साल सांगा. त्या साली आपलं वय किती असेल, ते मोजून एकदा खात्री करून घ्या.

एकच अडचण. हवाईतल्या मौना लोआवर 1958 पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तिथलं यंत्र आधार वर्ष विचारत नाही. तेव्हा दहा लाखांत 315 भाग होते, आता 420 च्या वर आहेत. पत्रकारांनी विचारलंच, तर सांगा: अहो, तो ज्वालामुखी आहे, धूर असणारच.