एका आळीत दोन न्हावी

खालच्या मजल्यावरच्या काकांचं बरोबर होतं. हे एवढं वाक्य लिहायला मला सहा दिवस लागले आणि आत्ताही दात-ओठ खाऊनच लिहिलंय.

कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र पाळायचा, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या माशांचा टँक ठेवायचा, तर खडकवासल्याचं पाणी आरओतून गाळायचं आणि लिटरला साधारण 35 ग्रॅम या हिशेबाने त्यात मीठ कालवायचं. माझ्या 200 लिटरच्या टँकला सात किलो लागतं, आणि हे मीठ वाण्याकडे मिळत नाही. त्यात लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वस्तीला असलेले समुद्री दगड), दोन क्लाउनफिश आणि एक क्लीनर श्रिंप (कोळंबीचाच एक प्रकार): लाल पाठीवर मधोमध पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिशा. वर्षभर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. मग मला हौस आली.

दुकानात बँडेड श्रिंप दिसला. लाल-पांढरे पट्टे, अगदी वरातीतल्या बँडवाल्याचा गणवेश. पुढे अंगाला न शोभणाऱ्या लांबलचक नांग्या. दुकानदार म्हणाला, “घेऊन जा दादा, एकदम शांत. कुणाच्या अध्यात ना मध्यात.” पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाला ‘घेऊन जा’ म्हणतोय, एवढ्यावरूनच मला संशय यायला हवा होता.

आठवड्याभरात क्लीनरची एक मिशी अर्धी झाली. आणि गेल्या गुरुवारी सकाळी दगडाखाली तो आडवाच दिसला. पाय, मिशा, डोळ्यांच्या जागा, सगळं जागच्या जागी, फक्त हालचाल नाही. मी त्याला चहाच्या गाळण्यात काढलं. बायको म्हणाली, “ते गाळणं आता तुझं.” सांत्वन म्हणून एवढंच.

तेवढ्यात बेल वाजली. काका. बँकेतून निवृत्त, सगळी नोकरी ऑडिटमध्ये.

“आमच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आलीय. टँक गळतोय का?”

“नाही हो काका.”

“आज गुरुवार. अख्ख्या सोसायटीच्या नळाला पाणी नाही आणि तुमच्याकडे समुद्र.” त्यांची नजर गाळण्याकडे गेली. “कोळंबी?”

“क्लीनर श्रिंप. खून झालाय त्याचा.”

“कशी आणलीत?”

“अडीच हजार.”

“किलो?”

“एक.”

काका सोफ्यावर बसले. बसा म्हणावं लागलं नाही.

“नर की मादी?”

“दोन्ही.”

“म्हणजे?”

“एकच जीव दोन्ही असतो. दोन एकत्र ठेवले तर दोघंही अंडी धरतात.”

काकांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. “सूनबाई, जरा पाणी आणता का? असेल तर.” मग पुन्हा माझ्याकडे. “बरं, अडीच हजारांत हा काम काय करतो?”

“माशांच्या अंगावरचे किडे, मेलेली कातडी खाऊन त्यांना साफ ठेवतो. समुद्रात एका जागी उभं राहून मिशा हलवतो, मासे आपणहून येतात.”

“आणि तो पट्टेवाला?”

इथे मी थोडा अडखळलो. “तोही... तेच करतो.”

“तेच?”

“हो. तसाच मिशा हलवतो.”

“म्हणजे एका आळीत तुम्ही दोन न्हावी बसवलेत,” काका एकेक शब्द सुटा करत म्हणाले, “गिऱ्हाइकं मोजून दोन, आणि वर विचारता भांडण का झालं?”

मी काहीही विचारलं नव्हतं. पण ऑडिटवाल्यांना प्रश्न लागत नाही. त्यांनी चष्मा बदलला, प्रेत चिमटीत धरून ट्यूबलाइटसमोर नेलं आणि इकडून तिकडून फिरवलं.

“यात माल नाही.”

“काय?”

“रिकामं आहे. ही बघा, पाठीशी फट. अहो, कात टाकलीय त्याने!”

आणि त्याच क्षणी, जणू कुणी पुकारा केल्यासारखा, दगडामागून नवाकोरा, तुकतुकीत क्लीनर अर्धा बाहेर आला. मिशीसुद्धा आधीपेक्षा लांब.

काका म्हणाले, “मयत हजर.”

माणसाने आपल्याच दिवाणखान्यात किती हसून घ्यावं याला मर्यादा हवी. बायको काकांपेक्षा जास्त हसली. मी प्लॅस्टिकची बाटली कापून, तोंड उलटं बसवून पट्टेवाल्यासाठी सापळा तयार ठेवला होता. काकांनी तोही पाहिला. “खून नाही, तक्रार नाही, आणि अटक? सोडा हो त्याला.” मी बाटली कपाटावर टाकली. संध्याकाळी पार्किंगमध्ये सेक्रेटरींनी मला तेराव्याची तारीख विचारली.

आता थोडं विषयांतर, कारण राग निवायला वेळ लागतो. या पट्टेवाल्याचं शास्त्रीय नाव स्टेनोपस हिस्पिडस. हिस्पिडस म्हणजे राठ केसांचा, काटेरी. ऑलिव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने हे हिस्पिडस त्याला 1811 साली चिकटवलं. तेव्हा पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता. म्हणजे इथे पेशवाई शाबूत असल्यापासून जगाला ठाऊक आहे की हा प्राणी खरखरीत आहे. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या दुकानदाराला.

त्याला फोन केला तर म्हणतो, “जोडी घ्यायला पाहिजे होती दादा. एकटा चिडचिडा होतो.” जोडी जमली तर ते आपसांत नीट राहतात, हे खरंच आहे. पण माझा प्रश्न तिसऱ्याचा होता. आणि ‘एकदम शांत’ म्हणताना ही जोडी कुठे गेली होती?

असो. हसू येत नाही ते पुढच्या भागाचं. कात टाकल्यावर कोळंबीचं नवं कवच एक-दोन दिवस मऊ असतं. म्हणून ती लपून बसते. शेजारी नांगीवाला असेल तर तिच्यासाठी हेच दिवस सगळ्यात वाईट. हे काकांना माहीत असायचं कारण नाही. मला माहीत होतं. वाचलं होतं, लोकांना सांगतही होतो. पण चारचौघांत आपलं हसं झालं की माणसाला एकदम समंजस दिसावंसं वाटतं. बाटली कपाटावर राहिली.

शनिवारी सकाळी पुन्हा गाळणं काढलं. दोन पाय वेगळीकडे पडले होते. उजेडासमोर धरून बघायची गरज पडली नाही, हाताला वजन लागत होतं. गुलाबाच्या कुंडीत पुरला. बायको हसली नाही.

काका परवा लिफ्टमध्ये भेटले. “काय म्हणतात तुमचे न्हावी?”

“एकच राहिलाय.”

“बघा, म्हटलं नव्हतं मी?”

त्यांच्या भिंतीची ओल त्यांच्याच गीझरच्या पाइपची निघाली, हे मला प्लंबरकडून कळलं. काकांनी लिफ्टमध्ये तो विषय काढला नाही.

बाटली आता टँकमध्ये आहे, आत शिंपल्यातल्या कालवाचा तुकडा ठेवून. पट्टेवाला तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. क्लीनर ज्या दगडावर उभा राहायचा, बरोब्बर त्याच दगडावर हा आता उभा राहतो आणि दिवसभर मिशा हलवतो. दोन्ही क्लाउनफिश समोरच्या कोपऱ्यात असतात. तीन दिवस झाले, अजून एकही गिऱ्हाईक फिरकलेलं नाही.