बदामावरचा तवंग आणि तेलविहिरींचे पाणी

माझ्या मावशीने गेल्या आठवड्यात अर्धा किलो बदाम कचऱ्यात टाकले. ती बहात्तर वर्षांची आहे, रोज रात्री सहा बदाम भिजत घालते आणि सकाळी सोलून खाते. तिला ज्या संदेशाने घाबरवले तो एव्हाना बहुतेकांच्या कौटुंबिक गटांत फिरून गेला असेल. त्यात म्हटले आहे की कॅलिफोर्नियाचे सगळे बदाम तेलविहिरींतून निघणाऱ्या विषारी पाण्यावर वाढवले जातात, त्या पाण्यात फ्रॅकिंगची (खडकात दाबाने पाणी व रसायने सोडून तेल काढण्याच्या पद्धतीची) रसायने असतात, अमेरिकेने हे पाणी स्वतःच्या नागरिकांसाठी बंद करून तसा माल भारताच्या गळ्यात मारला आहे आणि आता विदर्भातही कोळसा खाणींचे असलेच पाणी लोकांना पाजले जात आहे. पुरावा म्हणून एक घरगुती परीक्षाही दिली आहे: बदाम रात्रभर भिजवा, सकाळी पाण्यावर तवंग दिसला तर ते पेट्रोलियम समजा.

या परीक्षेपासूनच सुरुवात करतो, कारण मावशीने नेमकी हीच करून पाहिली आणि तिला तवंग दिसला. तो दिसायचाच. बदामाच्या गराच्या वजनात साधारण निम्मा वाटा तेलाचा असतो, आणि फुटक्या किंवा खरवडलेल्या बदामातून त्याचा अंश पाण्यावर आला तर त्यात नवल काही नाही. सोललेले शेंगदाणे किंवा खोबऱ्याचा कीस भिजवून पाहावा, तिथेही हेच दिसेल, आणि त्यावरून कोणी शेंगदाण्याचे शेत तेलविहिरीवर असल्याचा निष्कर्ष काढत नाही. ज्या गटात हा संदेश आला, त्याच गटात आदल्या दिवशी लाकडी घाण्याच्या बदाम तेलाचे गुणगान चालले होते. ते तेल बदामातूनच निघते, हे चोवीस तासांत सगळे विसरले. शिवाय कॅलिफोर्नियातल्या ज्या केर्न रिव्हर तेलक्षेत्राची ही गोष्ट आहे तिथले कच्चे तेल काकवीसारखे जड आणि घट्ट आहे. झाडाची मुळे पाण्यात विरघळलेले पदार्थ शोषतात. काकवीसारख्या तेलाचे थेंब मुळातून खोडात, खोडातून फांदीत आणि तिथून कवचाच्या आतल्या गरात जाऊन सकाळी वाटीत तरंगतील, ही कल्पना वनस्पतिशास्त्राचे पहिले पान उघडले तरी टिकत नाही. पाण्यात दोष असलाच तर तो आधी झाडावर दिसतो: सोडियम किंवा क्लोराइड जास्त झाले की पानांच्या कडा करपतात, बोरॉन जास्त झाले की बदामाच्या कोवळ्या फांद्या वाळतात, आणि उत्पन्न घटते.

आता यातली खरी गोष्ट. कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्ड शहराजवळचे केर्न रिव्हर तेलक्षेत्र 1899 साली सापडले. तिथे तेलाच्या एका पिंपामागे पाण्याची अनेक पिंपे वर येतात. या पाण्याचा काही भाग शेव्हरॉन कंपनी 1990 च्या दशकाच्या मध्यापासून जवळच्या कावेलो पाणीवाटप जिल्ह्याला, म्हणजे शेतीला पाणी पुरवणाऱ्या स्थानिक संस्थेला, देते. तेल आणि पाणी आधी टाक्यांत वेगळे होतात, मग उरलासुरला तेलकटपणा काढण्यासाठी ते पाणी अक्रोडाच्या टरफलांच्या गाळणीतून जाते आणि शेवटी इतर पाण्यात मिसळून शेतांना सोडले जाते. हे शक्य होते, कारण त्या क्षेत्रातले पाणी मुळातच जवळजवळ गोडे आहे. आरओ यंत्रांच्या जाहिरातींमुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, हा शब्द आता घरोघरी माहीत आहे. केर्न रिव्हरच्या पाण्याचा टीडीएस लिटरला हजार मिलिग्रॅमच्या आत असतो. उलट टेक्सास आणि न्यू मेक्सिकोमधल्या पर्मियन या तेलखोऱ्यात तो अनेकदा लाखाच्या पुढे जातो, आणि समुद्राचा असतो सुमारे 35,000. पर्मियनचे पाणी तसेच शेतात सोडले तर जमीन चोपण होईल, हे सांगायला आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला प्रयोगशाळा लागणार नाही. तेलविहिरीचे पाणी म्हणून एकच काही पदार्थ असतो, हा या संदेशाचा मूळ गैरसमज आहे. हेच पाणी दुष्काळावरचा रामबाण उपाय म्हणून विकणारेही तीच चूक उलट्या बाजूने करतात.

‘सगळे बदाम’ या शब्दांबद्दल साधा हिशेब पुरे. कावेलो जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे 45,000 एकर आहे, त्यात बदामांबरोबर संत्रावर्गीय फळे, पिस्ते आणि द्राक्षेही आहेत. कॅलिफोर्नियातल्या बदामबागा तेरा लाख एकरांहून अधिक आहेत. तो सगळा जिल्हा बदामाचाच मानला तरी तीन-साडेतीन टक्के भरतो. फ्रॅकिंगचा आरोप इथे लागू पडत नाही. केर्न रिव्हरची वाळू उथळ आणि सैल आहे, तिथे वाफ सोडून तेल पातळ करतात. अमेरिकेने हे पाणी बंद केले, हेही खोटे आहे. तिथल्या केंद्रीय नियमांनुसार 98 व्या पश्चिम रेखांशाच्या पश्चिमेला, दर्जा चांगला असल्यास, असे पाणी शेतीला आणि जनावरांना वापरता येते, आणि त्या बागांतली फळे अमेरिकन लोकही खातात.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. जवळजवळ वीस वर्षे या पाण्याची तपासणी प्रामुख्याने क्षार, तेल आणि नेहमीच्या घटकांपुरतीच होती. विहिरींत कंपन्या कोणती रसायने घालतात, याची पूर्ण यादी नियामकांकडे नव्हती. 2015 साली लॉस एंजेलिस टाइम्सने हा विषय लावून धरल्यावर प्रादेशिक पाणी मंडळ हलले, रसायनांची माहिती मागवली गेली आणि अन्नसुरक्षा तज्ज्ञांची समिती नेमली गेली. मंडळाने 2021 साली काढलेल्या श्वेतपत्रिकेत निष्कर्ष असा आहे की या पाण्यावरची पिके खाल्ल्याने आरोग्याचा धोका वाढल्याचे आढळले नाही. अभ्यासाचा खर्च तेल कंपन्या आणि पाणीवाटप जिल्ह्यांनी केला होता आणि काही रसायनांच्या विषारीपणाची पुरेशी माहितीच उपलब्ध नव्हती. संशय घ्यायचा तर इथे घ्यावा. बेकर्सफील्ड ज्या केर्न परगण्यात आहे त्याच्या पश्चिम भागात खारट पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत वर्षानुवर्षे जिरवले गेले आणि ते भूजलापर्यंत पोहोचले, हा तर बदामांपेक्षा कितीतरी गंभीर प्रश्न आहे. संदेश लिहिणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

राहिला विदर्भ. कोळसा खाणीतले पाणी म्हणजे खाणीत झिरपणारे भूजल. ते उपसल्याशिवाय खोदकाम चालत नाही, आणि तेलाशी त्याचा काडीचा संबंध नाही. नागपूरजवळ पाटणसावंगीच्या खाणीतले पाणी शुद्ध करून वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीने ‘कोल नीर’ नावाने बाटल्यांत भरले, ते उघड आणि गाजावाजा करून. अर्थात प्रत्येक खाणीचे पाणी थेट पिण्याजोगे असते असे मुळीच नाही. त्यात कठीणपणा आणि सल्फेट जास्त असू शकतात, आणि खडकात गंधकयुक्त लोहखनिज असेल तिथे ते आम्लयुक्त होऊन लोह आणि इतर धातू विरघळवते. त्यामुळे गावाला असे पाणी मिळत असेल तर ताजा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा आणि त्यात सामू (पीएच), सल्फेट, लोह आणि कठीणपणा हे आकडे असावेत, एवढी मागणी ग्रामसभेत जरूर करावी. वाटीतला तवंग पाहून त्यातले काहीही कळणार नाही.