सावली गुरुदत्तची की मूर्तींची?

'साहिब बीबी और ग़ुलाम' (१९६२) खरा कुणाचा, यावरचं भांडण काही मिटत नाही. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव अबरार अल्वींचं. पण "फ्रेम बघा, गुरुदत्तच आहे" म्हणणारे पुष्कळ. मला त्यांना एवढंच विचारायचंय: फ्रेममध्ये दिसतोय तो गुरुदत्त, की त्याचा कॅमेरामन व्ही. के. मूर्ती?

काल त्यातलं 'साकिया आज मुझे नींद नहीं आएगी' हे गाणं आवाज बंद करून पाहिलं. मीनू मुमताजवर लख्ख उजेड आणि मागे नाचणाऱ्या सगळ्याजणी सावलीत. शेवटपर्यंत एकीचाही चेहरा दिसत नाही. "त्यांना अंधारात ठेव" असं सांगायला काय जातं? पण मुख्य नर्तकी गिरक्या घेतेय, मागच्या दोन पावलांवर आहेत, आणि हिच्यावरचा उजेड त्यांच्यावर सांडता कामा नये. हे निस्तरणार कॅमेरामनच!

'बाज़ी'च्या (१९५१) वेळी मूर्ती सहायक होते. त्यांनी सुचवलेला एक अवघड शॉट गुरुदत्तला इतका आवडला की 'जाल'पासून (१९५२) कॅमेरा त्यांच्याकडेच आला. 'कागज़ के फूल'मधला (१९५९) तो प्रसिद्ध प्रकाशझोत तर दिव्याचा नाहीच. स्टुडिओबाहेर मोठा आरसा ठेवून ऊन आत घेतलं, वर दुसऱ्या आरशावर झेललं आणि तिथून खाली सोडलं. 'वक़्त ने किया' म्हटलं की आपल्याला आधी तो झोत आठवतो. सिनेमा सपशेल पडला, फिल्मफेअर मात्र मूर्तींना मिळालं. त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कधीच लावलं नाही. 'साहिब बीबी'त दिग्दर्शकाचं नाव बदललं, कॅमेऱ्यामागचा माणूस तोच राहिला. मग सिनेमा 'गुरुदत्तसारखा' दिसला, यात नवल कसलं?

इथवर लिहून मी स्वतःवर खूश होतो. मग 'लव्ह इन टोकियो' (१९६६) आठवला. दिग्दर्शक प्रमोद चक्रवर्ती, कॅमेरा याच मूर्तींचा. रंगीबेरंगी, झगझगीत, सगळं कसं स्वच्छ दिसतंय. त्या सावल्या औषधालाही नाहीत. हात तोच, पण अंधार मागणारा माणूस गेलेला (गुरुदत्त १९६४ मध्येच वारला). म्हणजे माझा निम्मा युक्तिवाद मूर्तींनीच खोडून काढला म्हणायचा.

तरी निम्मा उरतोच. फाळके पुरस्कार कॅमेरामनला पहिल्यांदा मिळाला तो मूर्तींनाच, तोही २००८ सालचा. तोवर त्यांनी वयाची पंचाऐंशी ओलांडली होती.